रोवलेली कुदळ

आमच्या सोन्याच्या ओढ्यावर राणी सरकारचे कायदे कमिशनरच्या ऑफिसच्या दारावर ठोकलेल्या एका कागदावर मावत होते. खणायला शंभर फुटांचा पट्टा तुझा, पण सलग तीन दिवस त्यावर परवानेवाला माणूस दिसला नाही तर पट्टा मोकळा, जो आधी खुंट ठोकेल त्याचा. गाडीरस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडं रस्त्याच्या ठेकेदाराची, त्यांना कुऱ्हाड लावायची नाही. आणि रस्त्याच्या खाली खणायचं नाही, खणलं तर पट्टा जप्त. ज्या साहेबाने हे लिहिलं त्याने जन्मात कधी भुयारात डोकं घातलं असेल तर माझं नाव एलिशा नान्स नाही.

कारण सोन्याला कुठे वाचता येतं? आमच्या ओढ्यातली सोन्याची वाळू सरळ त्या रस्त्याखाली गेली होती. रस्त्याकडेच्या प्रत्येक पट्ट्यातून एकेक भुयार गुपचूप तिकडे वळलं होतं. माझंही वळलं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते. वर बैलगाड्या खडखडत जायच्या आणि खाली माझ्या डोक्यावर माती झडायची. तिथे दर दोन हातांवर जाडजूड टेकू हवा होता. पण डोंगर बोडका झालेला, उरलेली चांगली झाडं ठेकेदाराची. एखादं झाड तोडायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. उत्तर यायला उन्हाळा गेला. मग मी एका सोडलेल्या खाणीतली जुनी कुजकी लाकडं उपसून आणली आणि तीच लावली. कपाळ माझं!

सप्टेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, वरून पिठाची गाडी गेली आणि माझ्यामागचं भुयार बसलं.

माझ्या शेजारचा पट्टा पास्को ट्रेगेन्झाचा. आम्ही दोघंही कॉर्नवॉलच्या खाणमुलखातले, एकाच जहाजातून आलेले. त्याला भागीदार नव्हता. बायको टॅम्सिन रहाट ओढायची आणि तो खाली खणायचा. सहा महिने नुसता चिखल उपसून त्याच आठवड्यात त्याला पिवळा रंग दिसायला लागला होता. टॅम्सिनने घरी कधी नव्हे ती मनुका घालून रोटी केली होती, तिचा तुकडा मलाही दिला होता.

आमच्या गावाकडची एक रीत आहे. कुणी खाली अडकला की फावडं लोखंडी परातीवर बडवायचं. तो आवाज ऐकला की सगळ्यांनी आपापलं काम टाकून धावायचं, आणि तो माणूस जिवंत किंवा मेलेला वर येईपर्यंत स्वतःच्या खाणीतला एक खडाही उचलायचा नाही. जाताना आपली कुदळ आपल्या जागेत उभी रोवून जायचं. कुदळ उभी आहे म्हणजे माणूस कामावर आहे, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. कॉर्नवॉलमध्ये रोवलेल्या कुदळीला चोरसुद्धा हात लावत नाही. परात वाजली तशी पास्कोने आपली कुदळ रोवली आणि माझ्या खड्ड्याच्या तोंडाशी पडलेलं माझंच फावडं उचलून आत शिरला.

खणायला पास्को धरून आठ जण होते. बाकीच्या सातांचे भागीदार होते, ते आपापल्या पट्ट्यांवर चूल पेटवून बसून राहिले, म्हणजे कागदापुरता माणूस दिसला. पास्कोच्या पट्ट्यावर कुणीच नव्हतं. टॅम्सिन दिवसभर माझ्या खड्ड्याच्या तोंडाशी खणणाऱ्यांसाठी डाळिंब्यांसारख्या बीन्स आणि डुकराचं खारं मांस शिजवत होती. तशी ती घरच्या पट्ट्यावर बसली असती तरी उपयोग नव्हता. परवाना बाईच्या नावाचा नव्हता, आणि साहेबाच्या लेखी बाई म्हणजे रहाटाचा दोर.

मला आत फावड्यांचे घाव ऐकू येत होते. कधी जवळ, कधी लांब. एका तिरक्या फळीखाली गुडघे छातीशी घेऊन मी बसलो होतो, भिंतीतून पाझरणारं पाणी चाटत होतो. जीव नुसता कानात येऊन बसला होता. गुरुवारी संध्याकाळी ढिगाऱ्यात फावड्याचं टोक घुसलं आणि मागोमाग पास्कोचं मातीने भरलेलं तोंड.

"आहेस का रे, मुडद्या?" तो म्हणाला.

"आहे," मी म्हणालो, आणि पोरासारखा हमसून रडलो.

"रड नंतर. आधी पाय दे इकडे. वजन बघ लेकाचं, टॅम्सिनची मनुकांची रोटी कुणी खाल्ली ते कळलं."

त्याच दुपारी हॉलिसने पास्कोच्या पट्ट्यावर चार खुंट ठोकले होते. हॉलिस ठेकेदाराच्या लाकडाच्या गिरणीचा कारकून. त्याला गिरणीसाठी ओढ्याच्या वळणावरची ती जागा हवीच होती, सोनं निघालं तर ते वरकड. पास्कोची कुदळ त्याने उपटून अगदी नीट बाजूला ठेवली होती. वर म्हणतो कसा, "तुमच्या अवजाराला ओरखडासुद्धा नाही काढला, ट्रेगेन्झा."

शनिवारी कमिशनर साहेबांसमोर सुनावणी झाली. साहेब वाईट नव्हते, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. त्यांनी पास्कोला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रिकाम्या पट्ट्याला आजारपणाची किंवा दुसऱ्या रास्त कारणाची सूट देता येते," साहेब म्हणाले. "शेजाऱ्याचा जीव वाचवणं हे मी रास्त कारण धरीन. नान्स तुम्हांला कुठे सापडले?"

पास्कोने माझ्याकडे पाहिलं. तो खरं बोलला असता तर त्याचा पट्टा तिथल्या तिथे परत मिळाला असता, आणि माझा जप्त झाला असता. "त्याच्याच जागेत, साहेब," तो म्हणाला. "रस्त्यापासून लांब."

मागे भिंतीशी ते सात जण उभे होते. एकजात सगळे आपल्या बुटांकडे बघत होते. मोजणीदार एकदा एका भुयारात उतरला की सगळ्यांच्या भुयारात उतरणार, हे त्यांना कळत होतं.

हॉलिस उठला. "साहेब, नान्सच्या जागेत काही ढासळलेलं नाही. मी वरून डोकावून आलोय. हवं तर मोजणीदार पाठवा."

साहेब माझ्याकडे वळले. "नान्स, खाण तुमची, तेव्हा शब्द तुमचाच. तुम्ही सोमवारपासून गुरुवारपर्यंत खाली अडकला होतात का? हो म्हणालात तर मला दुपारी मोजणीदार खाली उतरवावा लागेल. नाही म्हणालात तर प्रश्न मिटला. शपथेवर सांगा."

टॅम्सिन दाराशी उभी होती. माझं डोकं पुसलेला फडका अजून तिच्या खांद्यावर होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला माझं भुयार दिसत होतं, त्यातली ती वाळू, आणि ह्या मुलखात घालवलेली माझी सहा वर्षं. मनात म्हटलं, पास्को धडधाकट आहे, दुसरा पट्टा घेईल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "ताप होता मला. झोपडीत पडून होतो."

साहेबांनी लेखणी शाईत बुडवली. ते खोटं आहे हे त्यांनाही कळलं होतं, माझ्या नखांत अजून माती होती. पण कागदावर शब्द आला, आणि कागदावर आलं की त्यांचं काम झालं. पट्टा हॉलिसचा झाला.

बाहेर आल्यावर टॅम्सिन माझ्यासमोर उभी राहिली. "ताप होता का, एलिश?" ती म्हणाली. "आता तरी उतरला ना?" तिने खांद्यावरचा फडका माझ्या हातात ठेवला आणि निघून गेली. पास्को त्यानंतर नऊ महिने माझ्याशी बोलला नाही. तो ठेकेदाराच्या लाकूडतोड्या टोळीत लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्त्याकडेची तीच झाडं तोडायला लागला, ज्यांतलं एक मला मिळालं असतं तर ह्यातलं काहीच घडलं नसतं. मला रस्त्याखालून सोनं मिळालं. खोटं कशाला बोलू, बऱ्यापैकी मिळालं.

पुढच्या जूनमध्ये ओढ्याच्या वरच्या अंगाला प्रॉसर नावाच्या वेल्श माणसाचं भुयार बसलं. परात बडवली गेली. मी खड्ड्यातून वर आलो. सगळेच वर आले होते, आणि आपापल्या पट्ट्यावर उभे राहून एकमेकांकडे बघत होते.

"मागे कोण थांबणार ते आधी ठरवा," एक जण ओरडला.

"नुसतं थांबून चालणार नाही. सही आणा, सही!"

"अरे, त्या ट्रेगेन्झाचं काय झालं ते विसरलात का?"

शेवटी असं ठरलं की एकाने पळत ऑफिसात जाऊन सगळ्यांसाठी साहेबांची लेखी परवानगी आणायची, मग खणायला लागायचं. ऑफिस रस्त्याने सात मैल. साहेब दौऱ्यावर होते.

परात वाजतच होती. तेव्हा रस्त्यावरून पास्को येताना दिसला, कुऱ्हाड टाकून, खांद्यावर त्याची ती जुनी कुदळ घेऊन. त्याला पट्टा नव्हता. कुणी हिसकावून घेईल असं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. मी फावडं उचललं आणि त्याच्यामागे गेलो. त्याने मला बघितलं, हाकललं नाही.

आम्ही दोघांनी आळीपाळीने तो दिवसभर खणलं, रात्रभर खणलं, दुसऱ्या सकाळीही खणलं. टॅम्सिन वर बादली ओढत होती. पहिल्या संध्याकाळपर्यंत प्रॉसर आतून ठोकत होता. पहाटेही ठोकत होता, पण सावकाश. दुसऱ्या दिवशी दुपारी मधली माती सुटली आणि तो दिसला, भिंतीला टेकून बसलेला, दगड हातात. मी त्याचा हात धरला.

हात अजून गरम होता, पण नाडी थांबली होती.

तेवढ्यात वर गलका झाला. परवानगी आली होती, शिक्क्यासकट. सगळे फावडी घेऊन धावत येत होते.

पास्को प्रॉसरच्या शेजारी मातीत बसला. नऊ महिन्यांत तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला, आणि आवाज जरासुद्धा चढवला नाही.

"तुझ्या वेळी आम्ही आठ होतो, एलिश."