रिकाम्या पोटी

थोरली फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि एकाच विषयात नापास झाली होती. तोही कुठला, तर बोलण्याचा. भल्याभल्यांना रडवणारं रसायनशास्त्र तिने हसत पार केलं होतं. पण पेशंटला औषध समजावून सांगण्याची तोंडी परीक्षा, जिला बाकीची मुलं फुकटचे मार्क म्हणत, तिथे तिची दांडी गुल झाली. उद्या फेरपरीक्षा होती. तीही गेली की वर्ष गेलं.

परीक्षा म्हणजे नाटकच. सर पेशंट होऊन खुर्चीत कण्हत बसायचे आणि मुलांनी टेबलाच्या पलीकडून त्यांना औषध द्यायचं. सरांचं मुलांनी ठेवलेलं नाव कडू गोळी. गेल्या वेळी कडू गोळी सांधेदुखीने बेजार म्हातारा झाले होते. थोरलीने त्यांना वेदनाशामक गोळीची अथपासून इतिपर्यंत माहिती दिली, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. म्हातारा मान डोलावत राहिला आणि शेवटी सर होऊन म्हणाला, "सांगितलंस सगळं, विचारलं काहीच नाहीस."

तेव्हापासून ती धुमसत होती. विचारायचं काय डोंबल? औषधातलं पेशंटला कळतं की आपल्याला? एवढी जाडजूड पुस्तकं डोक्यात कोंबायची ती काय लोकांना 'कसं काय, बरं आहे ना' विचारायला?

घरात अभ्यासाला टेबल एकच, स्वयंपाकघरातलं. तिथे कुकरच्या शिट्ट्या आणि आईची ये-जा. शेजारणी तिला कौतुकाने डॉक्टरीणबाई म्हणत आणि गुडघ्यापासून केसगळतीपर्यंत सगळ्याची गोळी मागत, त्याचाही तिला वैताग. सगळ्यात जास्त वैताग आईच्या दमण्याचा. थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू, डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवलेला, तरी केर काढता काढता आई मध्येच खुर्चीवर टेकायची आणि उसासा सोडायची. थोरलीचं वाक्य तुटायचं. वय झालं, दुसरं काय, असं मनाशी म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्या संध्याकाळी भिंतीशी बोलून बोलून ती कंटाळली आणि तिने आईलाच पेशंट केलं. आई पदराला हात पुसून, फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली. समोर पडलेली आईचीच गोळ्यांची बाटली उचलून थोरलीने सुरुवात केली. ही गोळी रोज सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची. आई म्हणाली, तशीच घेते. थोरली पुढच्या वाक्यावर निघाली होती, पण कडू गोळीचं ते बोलणं घशात अडकलं होतं. विचारायचंच आहे ना, मग घ्या.

"कशी घेता, सांगा बरं."

लेकीने अहो-जाहो केलेलं ऐकून आईला हसू आलं. "चहाबरोबर."

"चहाबरोबर? मी रिकाम्या पोटी म्हणाले."

"मग रिकाम्या पोटीच की. चहा म्हणजे काय खाणं झालं?"

आता यात आईचं काय चुकलं? सकाळी कुणालाही विचारा, तो हेच सांगेल की पोटात अजून काही नाही, नुसता चहा झालाय. पण ही गोळी चहाबरोबर घेतली की धड अंगी लागत नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास चहाला शिवायचं नाही, हे थोरलीने पेपरात लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तिचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं गोळ्या पाण्यात घातल्यास, डोस उगाच वाढला, दमतेस त्यात नवल काय, असं ती आईला वाटेल तसं बोलली. आई उठली आणि भाजी हलवायला लागली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत तोच म्हातारा, तीच सांधेदुखी. गोळी जेवणानंतर घ्या, असं थोरलीने सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. पुढचं सगळं पाठ होतं, पण ती थांबली.

"आजोबा, जेवता कधी?"

"एकटा माणूस मी. कधी जेवतो, कधी नाही."

"नाही जेवलात, तर गोळीचं काय करता?"

"घेतो की. जेवणाची वेळ टळली की घेतो."

ही गोळी उपाशीपोटी घेणं म्हणजे पोटात जखमा करून घेणं. थोरलीने ते त्यांना सांगितलं, आणि दोन घास खाल्ल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. म्हातारा सरळ बसला, सर झाला.

"गेल्या वेळीही हा जेवत नव्हता," सर म्हणाले आणि त्यांनी तिला पास केलं.

घरी आली तेव्हा आई टेबलापाशी टेकली होती. पास झाल्याचं ऐकून तिचा चेहरा उजळला. कालचं सगळं विसरून ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि थोरलीला तेच सोसेना. चिडचिड अजून गेली नव्हती, फक्त ती कुणावर काढायची हे कळेनासं झालं होतं.

"आई, चहाबरोबर घेतेस हे मला एकदा तरी सांगायचंस."

"सांगायचं काय त्यात?" आई म्हणाली. "रोज तुझ्यासमोर बसूनच तर घेत होते. म्हटलं, चुकत असतं तर तू बोलली असतीस."