धाकटीचं पाळणाघर

धाकटीच्या पाळणाघराचा विषय निघाला, की थोरलीचं तोंड वाकडं व्हायचं. दोघी सख्ख्या जावा. थोरली बेकरीत कामाला, तिचा नवरा बस चालवायचा. धाकटी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स. तिचा नवरा सैन्यात, दूर सरहद्दीवर. सैनिकांच्या कुटुंबांसाठी शहरात एक पाळणाघर होतं. अचानक ड्यूटी लागो, आई आजारी पडो, नुसता फोन करायचा. मूल सांभाळायला कुणीतरी हजर!

"आणि आमची पोरं काय रस्त्यावर पडलीत?" थोरली नवऱ्याला सुनावायची. "पोराला ताप आला तेव्हा माझा खाडा झाला, मालकाची बोलणी खाल्ली. हिला मात्र सगळं आयतं!"

नवरा पेपरात डोकं खुपसून 'हं' म्हणायचा. त्यानं तिचा आणखीच जळफळाट व्हायचा. धाकटीचा कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, शेजारणींचं कौतुकानं 'सैनिकाची बायको हो!' म्हणणं, सगळंच तिला टोचायचं.

एकदा थोरलीला सुट्टी होती आणि सकाळीच धाकटीचा फोन आला. पाळणाघरात पाण्याचा पाइप फुटला होता, आज मुलं घेणार नव्हते.

"ताई, दुपारपर्यंत बिट्टीला ठेवून घ्याल का हो? एका पेशंटचं ऑपरेशन आहे, माझ्या जागी दुसरं कुणी नाही."

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. बरं झालं! कळू दे एकदा हिलाही!

"अगं, मी नेमकी बाहेर आहे गं," ती म्हणाली. तेवढ्यात गॅसवरच्या कुकरनं खणखणीत शिट्टी दिली.

फोन ठेवून वळते, तर स्वयंपाकघराच्या दारात सासरे उभे. नानांच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती, पण कान चांगले शाबूत होते.

"बाहेर गेलीस ती कुकर घेऊनच वाटतं?" नाना म्हणाले.

थोरली उसळली. "मग काय करू? तिला सरकार आहे, पाळणाघर आहे. माझ्या पोरांना आजवर कुणी विचारलंय?"

"नाही विचारलं. चूकच आहे ती. मग जा की तुझ्या मालकाकडे, अशाच सोयीसाठी भांड! मी येतो तुझ्यासोबत. पण तिचं दार बंद झालं म्हणून तुझं उघडणार आहे का? ज्या घरातला बाप असा लांब ठेवलाय, त्या घराला आपण सगळ्यांनी मिळून दिलेला तो आधार आहे, सूनबाई. त्यावर कसली जळतेस?"

थोरलीनं गॅस बंद केला, पिशवी उचलली आणि तरातरा घराबाहेर पडली. निदान थाप तरी खरी होईल!

कोपऱ्यावरच्या बसथांब्यापाशी ती थबकली. धाकटी तिथंच उभी होती. मान आणि खांद्यात फोन धरलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चार वर्षांची बिट्टी. कुणाला तरी विनवता विनवता तिचा आवाज रडवेला झाला होता.

"काकू!" बिट्टी ओरडली.

आता कुठं तोंड लपवणार? धाकटीनं मात्र सुटकेचा श्वास सोडला. "बाहेरची कामं उरकली का ताई? देवासारख्या भेटलात हो!"

कुकरची शिट्टी ऐकूनही तिच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मुकाट्यानं बिट्टीचा हात धरला.

घरी येऊन ती पोरीचे बूट काढायला वाकली, तशी बिट्टीनं पाय मागे घेतले.

"राहू देत, काकू. पुन्हा दुसरीकडे जायचं असेल ना?"

"कुठं दुसरीकडे?"

"माहीत नाही. आई सांगेल तिकडे." पोरीनं हे अगदी सहज सांगितलं. रडणं नाही, हट्ट नाही. मोठ्या माणसासारखी ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली.

थोरलीच्या काळजात चर्र झालं. तिची स्वतःची पोरं दारातूनच बूट भिरकावत घरात शिरायची! आणि या चिमुरडीला कुठं टेकावं याचीही खात्री नव्हती. हिच्या वाट्याच्या आधारावर आपण डोळा ठेवला? छे, छे! तिनं बिट्टीला उचलून मांडीवर घेतलं.

"आज कुठ्ठंही जायचं नाही. हे तुझंच घर आहे, राणी," ती म्हणाली आणि हलकेच एकेक बूट काढला.

दुपारी धाकटी आली तेव्हा बिट्टी नानांच्या कुशीत गाढ झोपली होती. थोरलीनं चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "सकाळी मी घरीच होते गं. खोटं बोलले. तुझ्या पाळणाघराचा हेवा वाटायचा मला."

धाकटीचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला तुमचा वाटतो. संध्याकाळी दादा घरी येतात ना, त्याचा."

थोरलीनं जावेला जवळ घेतलं.

पुढच्या सुट्टीला थोरली त्या पाळणाघरात गेली आणि 'अडीअडचणीला मला बोलवा' असं सांगून आली. नानांना सोबत घेऊन बेकरीच्या मालकालाही भेटली, कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर मागायला. मालकानं अजून होकार दिलेला नाही. पण आता तिच्यासोबत बेकरीतल्या सगळ्या आया उभ्या आहेत आणि सर्वांत पुढे धाकटी आहे!

वाचकहो, दुसऱ्याला मिळालेला आधार आपल्या डोळ्यांत खुपू लागला, तर आधी त्यानं काय गमावलंय ते पाहावं. आणि आपल्यालाही आधार हवा असेल, तर त्याचा न हिसकावता त्याच्या खांद्याला खांदा लावून मागावा.