कडी काळी, कुलूप पिवळं

सभागृहात जागा उरली नव्हती, म्हणून मुलं खिडक्यांमध्ये चढून बसली होती. मंचावर पितळी परात, परातीत फिकट केशरी कापड, आणि त्यावर कमंडलूतून पाण्याची बारीक धार. धार धरणाऱ्या चरणदास महाराजांचे डोळे मिटलेले होते, तोंड मात्र सुरू होतं.

"भगवान निकल पड़े हैं. पैदल आ रहे हैं, देवास से बस नहीं पकड़ी उन्होंने. थोड़ा समय लगेगा. जिसको जल्दी है, वो घर जाए."

कोणी घरी गेलं नाही. कापडावर आधी धुरासारखं काही दिसलं, मग ते राखाडी झालं, आणि पाहता पाहता दोन काळीभोर पावलं उमटली. पुढच्या रांगेने हात जोडले, मागच्या रांगांनी मोबाइल उंचावले. नाट्यमंडळाला देवाची आज्ञा मिळाली होती. त्याआधी क्रिकेट मंडळाला मिळाली होती. आता विज्ञान मंडळाची पाळी होती.

या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. त्या वर्षी मुलांनी स्वतः नवी मंडळं काढावीत असं ठरलं होतं. आमचे प्राचार्य सुहास तारे सज्जन माणूस, पण कुणाच्या तरी आशीर्वादाशिवाय त्यांच्या हातून स्टेपलरसुद्धा नवा उघडला जात नाही. नानाखेड्याकडच्या एका कॉलनीत हे महाराज मुक्कामाला आलेत असं त्यांना कळलं, आणि प्रत्येक मंडळाचं उद्घाटन महाराजांच्या आज्ञेने करायचं ठरलं. विज्ञान मंडळाचंही. सरांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

विज्ञान मंडळ ही दुसऱ्या वर्षाच्या मृण्मयीची कल्पना. जिन्याखालची एक खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलेली होती. ती तिने आणि तिच्या वर्गातल्या राजसने झाडून, धुऊन रिकामी केली. सभासद गोळा करायची तिची पद्धत मला फार आवडली. वर्गणी नाही, एक प्रश्न लिहून आणायचा आणि सभासद व्हायचं. प्रश्न खोलीच्या भिंतीवर लागायचे. "पोहे वाफेवर ठेवले तर चिकट का होत नाहीत?" "जलेबी गार झाली की मऊ का पडते?" "प्रॅक्टिकलच्या दिवशीच लाइट का जाते?" भिंत भरत आली होती.

मंचावर बोलावल्यावर राजसने नको तो शहाणपणा केला. नमस्कार करून तो म्हणाला, "महाराज, कपडा पहिले आम्ही बघून घेऊ का?"

महाराजांनी डोळे उघडले. त्याला नीट पाहून घेतलं. मग झोळीच्या दुसऱ्या कप्प्यातून एक कापड काढून त्याच्याच हातात दिलं.

"देख बेटा. उलट के देख, पलट के देख, सूँघ के देख."

राजसने उलटून पाहिलं. कापड साधं होतं. परातीत ठेवलं, धार पडली. महाराजांनी देवाला हाका मारल्या, रस्ता दाखवला, थकला असेल म्हणून त्याची समजूतही काढली. कापड ओलं झालं. बाकी काही झालं नाही.

"भगवान चौखट से लौट गए," महाराज म्हणाले. "जहाँ शंका है, वहाँ चरण कैसे पड़ेंगे? इस मंडल को आज्ञा नहीं है."

खाली कुजबुज सुरू झाली. महाराज थेट जिन्याखाली गेले आणि "दोष बाँध देते हैं" म्हणत त्या खोलीच्या दारावर कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं. उरलेलं सगळ्यांना वाटलं. तारे सरांनी ओंजळभर पिऊन सांगितलं, "तुरट आहे. म्हणजे अस्सल जडीबुटी." पालकांना बाटल्याही मिळाल्या. मृण्मयीच्या आईने, विजयाताईंनी, एक घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली पुन्हा गर्दी. दाराची कडी काळी पडली होती. तिच्याखाली दारावर काळे ओघळ आले होते, जणू कुणी शाई ओतली असावी.

"दोष बाहर आ रहा है," क्रिकेट मंडळातला कोणी तरी म्हणाला. त्यांचा डोळा आधीपासून त्या खोलीवर होता. बॅटा ठेवायला जागा हवी होती.

दुपारपर्यंत भिंतीवरचे निम्मे प्रश्न लिहिणाऱ्यांनी स्वतः काढून नेले. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. "मॅडम, मी काही मानतो असं नाही. पण पालकांचे फोन येऊन राहिलेत. रविवारी आनंदमेळा आहे, महाराज परत येणार. तोवर बघू. नाही जमलं तर खोली क्रिकेटवाल्यांना देऊन टाकू."

मृण्मयी माझ्याकडे आली तेव्हा रडून आलेली दिसत होती, पण तसं दाखवत नव्हती.

"आई म्हणते, नाव काढून घे. म्हणते, देवानेच नाही म्हटलं तर तू कशाला जिद्द करते. अभ्यास कर चुपचाप."

"तुला काय वाटतं?"

"मला काही नाही वाटत, मॅडम. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दोष दारावर होता ना? मग कडी काळी झाली आणि कुलूप पिवळंच का राहिलं? तीर्थ तर दोघांवर पडलं होतं. मी बघितलं."

मी उठून तिच्याबरोबर खाली गेले. कडी जुनी, गंजलेली, लोखंडाची. कुलूप पितळेचं, त्यावर तीर्थाचे थेंब वाळल्याच्या खुणा होत्या आणि ते तसंच पिवळं होतं. वर्गात मी वर्षानुवर्षं मुलांना विचारत आले की बदललं ते पाहिलंत, न बदललेलं पाहिलंत का. त्या दिवशी कडी पाहायला अर्धं कॉलेज आलं होतं, मीही येऊन गेले होते. कुलूप पाहिलं ते एकट्या मृण्मयीने.

"तीर्थ कुठे मिळेल?" मी विचारलं.

"आमच्या देवघरात आहे. आईला काय सांगू?"

"खरं सांग. प्रयोगाला हवं म्हणून."

विजयाताईंनी ते दिलं, पण हातातून सहज दिलं नाही. स्वतः बाटली घेऊन प्रयोगशाळेत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बँकेतून तशाच आल्या होत्या, खांद्यावर पर्स. "सांडू नका," एवढंच म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेल्या.

मी परीक्षानळीत चार थेंब घेतले. मृण्मयीने फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंडाचाच एक क्षार, टाकलं. नळीतलं पाणी निळसर काळं झालं.

"टॅनिन," राजस म्हणाला. "लोखंड लागलं की काळं होतं. प्रॅक्टिकलला होतं हे."

"तुरट लागलं होतं सरांना," मृण्मयी हळूच म्हणाली. "हिरडा?"

"बहुतेक. भैरवगढ़चे छपाईवाले पिढ्यान्‌पिढ्या कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवत आलेत. त्यावर लोखंडाचं पाणी छापलं की काळा रंग उठतो. महाराजांनी क्रम उलटा केलाय, एवढंच. कापडावर लोखंडाच्या पाण्याची पावलं आधी, तीर्थातला हिरडा मागून."

पुढचे तीन दिवस आम्ही कापडं रंगवली. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, प्रयोगशाळेत होताच. त्याचं पातळ पाणी पांढऱ्या कापडावर लावलं की वाळल्यावर पिवळट डाग दिसे. फिकट केशरीवर काही दिसत नसे. महाराजांना तोच रंग का आवडतो हे तेव्हा कळलं. हिरड्याऐवजी आम्ही कँटीनमधला कोरा चहा वापरला, त्यातही टॅनिन असतं. चहा ओतला की आधी धूर, मग राखाडी, मग हवा लागून काळं. महाराज देवाला देवासहून चालवत आणत होते तो वेळ हवेला लागणारा होता.

"काय छापू?" राजसने विचारलं. "पावलंच?"

"पावलं तर त्यांची," मृण्मयी म्हणाली. "आपण आपलं काही तरी छापू." आणि तिने ठसा करायला एक बटाटा कोरायला घेतला.

रविवारी सभागृह पुन्हा खिडक्यांपर्यंत भरलं. आनंदमेळ्याची आज्ञा घ्यायची होती. महाराजांनी झोळीच्या नेहमीच्या कप्प्यातून कापड काढून तारे सरांच्या हातात दिलं. तेवढ्यात मृण्मयी मंचावर चढली. तिच्या हातातल्या तबकात घडी केलेली केशरी कापडं होती.

"सर, आमच्या मंडळाची आज्ञा परत विचारायची आहे. कपडा आमचा, तीर्थ महाराजांचं."

सरांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज प्रसन्न हसले. दुसऱ्याच्या कापडावर काही उमटणार नाही, याची त्यांच्याइतकी खात्री तिथे कुणालाच नव्हती.

"पूछो बेटी, सौ बार पूछो. भगवान का दरबार है, पासपोर्ट ऑफिस थोड़ी है."

त्यांनी स्वतःच्या हाताने धार धरली आणि डोळे मिटले. "आए तो आए, न आए तो उनकी मर्ज़ी..."

डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना सभागृहातलं हसू आधी ऐकू आलं. कापडावर मांजराची पावलं उमटली होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, अगदी दूध पिऊन निघाल्यासारखी.

डोळे उघडून महाराज म्हणाले, "बिल्ली भी माता का वाहन है. संकेत समझो."

"महाराज, आणखी एक," म्हणत मृण्मयीने दुसरं कापड पुढे केलं. आता नाही म्हणता येत नव्हतं. धार पडली. या वेळी हवाई चप्पल उमटली, पट्ट्याच्या भोकांसकट. राजसची.

खिडकीतून कुणी तरी विचारलं, "महाराज, ये किसका वाहन है?"

सभागृहात हशा पिकला. महाराज म्हणाले की कलियुगात चरण पादुका घालून येतात. पण ते फक्त पुढच्या रांगेला ऐकू गेलं.

मी माझी केटली घेऊन मंचावर गेले. मला माइकवर बोलायची सवय नाही, म्हणून थोडक्यात बोलले. "सरांच्या हातातलं कापड महाराजांचं आहे. या केटलीत कँटीनचा कोरा चहा आहे. सर, परातीत ठेवा."

सरांनी ठेवलं. मी चहा ओतला. धूर, राखाडी, काळं. देवाची पावलं चहातून चालत आली.

"भक्ति हो तो चाय भी तीर्थ है," महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला.

"ओतला मी," मी म्हणाले. "माझी भक्ती नाही, हे सरांना विचारा."

"नाही त्यांची," तारे सर मनापासून म्हणाले.

मग मी हिराकस आणि हिरडा समजावून सांगितलं, कडीचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. ते ऐकायला महाराज थांबले नाहीत. झोळी मात्र घेऊन गेले. पुढच्या रांगेतून विजयाताई उठल्या आणि मंचावर आल्या. मृण्मयी एक पाऊल मागे सरली.

"मला दे," त्या माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाल्या. "मी स्वतः करून बघेन."

मृण्मयीने उरलेलं कापड दिलं. विजयाताईंनी ते दोन्ही बाजूंनी निरखलं, परातीत पसरलं, चहा ओतला आणि पदर सावरत वाट पाहत राहिल्या. या वेळी मांजर निघालं. मी त्यांना सांगितलं की तुमच्या अंगावरच्या भैरवगढ़च्या साडीच्या काठातला काळा याच रंगाचा भाऊ आहे. त्यांनी काठ उचलून कापडाशेजारी धरला.

"म्हणजे त्या दिवशी तुला नाही म्हटलं, ते देवाने नव्हतं म्हटलं," त्या मृण्मयीला म्हणाल्या.

"नाही, आई. तो कोरा कपडा होता."

विजयाताई हसल्या नाहीत. सरांकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "खोलीची चाबी कोणाकडे आहे?"

सरांनी खिशातून किल्ली काढली. देताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे तीन बाटल्या आहेत हो अजून."

"राहू द्या, सर. लॅबला द्या. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलला लागतील."

भिंत पुन्हा भरली आहे. काढून नेलेले प्रश्न बहुतेक परत आले, काही अधिक चांगल्या अक्षरात. एक प्रश्न बँकेच्या पावतीच्या मागे लिहिलेला आहे: "दही लावताना आमच्याकडे विरजण बोटाने का ढवळतात? चमच्याने चालत नाही का?" त्याखाली सभासदाचं नाव आहे, विजया. उत्तर शोधायला मुलांना बरेच दिवस लागले, आणि त्यात काही भांडी दही वाया गेलं.

दाराची कडी अजून काळी आहे. गंजावर टॅनिनचा थर बसला की खालचं लोखंड टिकतं, त्यामुळे ती नंतर गंजली नाही. महाराजांच्या तीर्थाचा एवढा गुण मात्र मानायला हवा. नवा सभासद आला की मृण्मयी त्याला आधी दारापाशी उभं करते आणि विचारते, काय दिसतंय? सगळे कडीकडे बोट दाखवतात. मग ती थांबते, आणि जोवर तो स्वतःहून कुलपाकडे पाहत नाही तोवर दार उघडत नाही.

तुमच्याही गावात कुठे काही उमटेल, झिरपेल, काळं पडेल. हात जोडायचे असतील तर जरूर जोडा. पण त्याआधी शेजारी काय तसंच राहिलंय, तेवढं पाहून घ्या.