हजार हंसांचा नमुना

मी एक जुना कापडी हंस आहे. हंस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तळं, कमळं आणि मोत्यांचा चारा आला असेल, तर मित्रांनो, ते सगळं आधी बाजूला ठेवा. मी म्हणजे एक लांबट पांढरी पिशवी. तोंडाशी तारेचं कडं, पंखांच्या टोकांना काळा रंग आणि पायांच्या जागी एकच काठी. तोंडातून वारा शिरला की पोट फुगतं आणि मी डोलतो. वारा पडला की मीही पडतो. सध्या रत्नागिरीजवळच्या साखरतर गावी एका अंगणात उभा आहे. सुकत घातलेल्या मासळीवर कावळे उतरू नयेत, एवढंच माझं काम. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मला जन्माला घातलं आणि पक्ष्यांना हाकलण्यात म्हातारपण चाललंय. आताशा फार बोलवत नाही, पण आज वारा बरा आहे, तेव्हा सांगून टाकतो.

माझा जन्म शारजातला, दोन हजार एक सालच्या जानेवारीतला. रमजान ईद नुकतीच झाली होती. ईदेच्या आधी महिनाभर अरबांचे पांढरे पायघोळ कंदुरे शिवून शिवून लियाकतभाईंची मान आखडली होती. लियाकतभाई याच साखरतरचे. बारा वर्षं शारजात शिंपीकाम करत होते आणि त्यांच्या हातचा कंदुरा घातलेला माणूस गर्दीतही ओळखू येतो, असं लोक म्हणत. कापडाला कात्री लावण्याआधी ते हळूच 'बिस्मिल्ला' म्हणत. आणि दुकानातून बाहेर जाणारं प्रत्येक पांढरं कापड ते नीळ घालून, खळ देऊन, कडक इस्त्री करून पाठवत. बिननिळीचं पांढरं त्यांना आंघोळ न केलेल्या माणसासारखं वाटे.

एका सकाळी राजन टिपणीस दुकानात आले. हे मूळचे पुण्याचे, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत मालकाचे सेक्रेटरी. मालकाला तिकडे अरबाब म्हणतात. लियाकतभाईंच्या दुकानाचं लायसनही याच अरबाबच्या नावावर होतं, त्यामुळे लियाकतभाईंची रजा त्याच्या हातात आणि पासपोर्ट राजनसाहेबांच्या कपाटात. अरबाबला शिकारीचा भारी नाद. ससाणे उडवून झाले होते, वाळवंट पालथं घालून झालं होतं. आता त्याने ऐकलं होतं की अमेरिकेत नेब्रास्का नावाच्या मुलखात वसंतात हिमहंसांचे थवे उतरतात, लाखांनी. मार्चमध्ये आठ दोस्तांना घेऊन तिकडे जायचं, असं मजलिशीत, म्हणजे त्याच्या रोजच्या बैठकीत, ठरलं. ठरवणारे मजलिशीत बसले आणि धावाधाव राजनसाहेबांच्या नशिबी आली. व्हिसे, विमानं, बंदुकांचे परवाने, बर्फातले बूट आणि तिकडच्या शिकारी वाटाड्याशी रोजचे फॅक्स. त्यांच्या डोळ्यांखाली तेव्हाच काळी वर्तुळं आली होती.

त्या वाटाड्याच्या फॅक्सवर एक चित्र होतं. शेतात हजारभर कापडी हंस रोवायचे, स्वतः पांढरे कपडे घालून त्यांच्यात उताणं पडायचं आणि वरून जाणाऱ्या थव्याला वाटलं पाहिजे की खाली आपलेच भाऊबंद चरताहेत. हंस अमेरिकेत विकत मिळत होते. पण अरबाब म्हणाला, पांढरं कापड शिवावं तर आमच्या लियाकतने.

लियाकतभाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की वसंतातच का? राजनसाहेबांनी सांगितलं की हिवाळाभर हे पक्षी दक्षिणेला पोटासाठी येतात आणि वसंतात उत्तरेला आपल्या घरी परततात, तेव्हा वाटेत त्यांना गाठायचं.

"घरी जाताना?" लियाकतभाई म्हणाले. "साहेब, घरी जाणाऱ्याला मारायचं कशाला?"

राजनसाहेब म्हणाले की तिकडे या पक्ष्यांची संख्या फार वाढलीय, सरकारचीच परवानगी आहे. लियाकतभाईंनी मान हलवली, कंदुऱ्याच्या कापडाचा उरलेला एक तुकडा ओढला, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि कात्री लावली. तो तुकडा म्हणजे मी.

मी नमुना होतो, म्हणून मला ना नीळ लागली ना खळ. तसाच मला घेऊन अरबाबने गाडीच्या खिडकीतून बाहेर धरलं. मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची पाच मिनिटं. खाडीवरचा खारा वारा पोटात शिरला आणि मी असा काही फडफडलो की शेजारच्या टॅक्सीतल्या पोरांनी हात दाखवले. अरबाब 'माशाल्ला, माशाल्ला' म्हणत राहिला. असे हजार हवेत, म्हणाला, दहा फेब्रुवारीच्या आत.

तेव्हा लियाकतभाईंनी आपली गोष्ट काढली. त्यांची मुलगी माहनूर. तिला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दीड वर्षाची होती. आमच्या या गावात मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची 'बिस्मिल्ला' करतात. मौलवी म्हणतात, मूल मागून म्हणतं आणि तिथून त्याचं शिकणं सुरू होतं. हा दिवस मागेपुढे करत नाहीत. माहनूरचा दिवस अठरा फेब्रुवारीला येत होता. लियाकतभाईंना पंधराचं विमान हवं होतं.

अरबाबने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला."

आता या शब्दाची गंमत बघा. अल्लाची मर्जी असेल तर, एवढाच त्याचा अर्थ, आणि शब्द सोन्यासारखा आहे. पण तिकडच्या ऑफिसांतून त्याचे दहा अर्थ होतात. होही होतो, बघूही होतो आणि पुन्हा विचारू नकोसही होतो. लियाकतभाई नमाजी माणूस, त्यांनी सरळ हो असं ऐकलं. त्याच संध्याकाळी त्यांनी तिकीट काढलं आणि गावी झुबेदाभाभींना फोन करून सांगितलं की मी येतोय. राजनसाहेबांनी मात्र वहीत लिहिलं, 'लियाकत रजा - इन्शाल्ला', आणि पुढे काही विचारलं नाही.

मग महिनाभर मशीन चाललं. मी मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला असे आणि माझ्याकडे बघून लियाकतभाई शिवत. दुसरा कारागीर हनीफ तारा वाकवायचा नि काळा रंग द्यायचा. दिवसाला चाळीस हंस व्हायचे. लियाकतभाईंची बोटं सुजली, मान एकाच बाजूला वळेना. प्रत्येक कापडाला कात्री लावताना बिस्मिल्ला, म्हणजे हजार वेळा बिस्मिल्ला. मी सगळ्या मोजल्या. दर शंभर झाले की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे आणि पाणी प्यायचे. शिलाई आठ फेब्रुवारीला संपली.

इथेच घोटाळा झाला. दुसरा कुणी असता तर त्याने हंस पोत्यांत भरून दिले असते. पण लियाकतभाईंच्या दुकानातून पांढरं कापड असं तसं कसं जाईल? घरी जायच्या आनंदात त्यांनी दोन दिवस जास्तीचे घातले. टब भरले, निळीच्या पुड्या सोडल्या, खळ शिजवली आणि हजारच्या हजार हंसांना कंदुऱ्यासारखी कडक इस्त्री मारली. ते ढीग बघून मला माझीच लाज वाटू लागली. मी पिवळट, सुरकुतलेला, आणि माझी भावंडं अशी झगझगीत की डोळे दिपावेत.

दहा तारखेला अरबाबने समुद्रकाठी शंभर हंस रोवून बघितले. शेजारी हौसेने मलाही रोवलं. वारा आला. मी फुगलो, डोललो. ते शंभर जागचे हलले नाहीत. खळीने पोटं मिटलेली, तोंडं ताठ. अरबाबने एकाला टिचकी मारली. टक्कन आवाज आला.

"लियाकत," तो म्हणाला, "ये पंछी नहीं, खुबूस है."

खुबूस म्हणजे तिकडची भाकरी. सगळे हसले, लियाकतभाईही हसले, पण त्यांचा चेहरा मी पाहत होतो. राजनसाहेबांनी तिथूनच अमेरिकेला फोन लावला. वाटाड्याने सांगितलं की खळीचं तर सोडाच, ती निळसर चमकच मोठी चूक आहे. माणसाला जे स्वच्छ दिसतं ते पक्ष्याच्या डोळ्याला दुरून भगभगतं आणि थवा वरच्या वर वळून जातो. सगळं धुऊन काढा, दहा पाण्यांत. सामान वीस तारखेच्या विमानाने आलं तरी चालेल.

लियाकतभाईंनी रजेचं विचारलं. अरबाब गाडीत बसता बसता म्हणाला, आधी हंस, मग रजा, इन्शाल्ला. यावेळी तो शब्द लियाकतभाईंनाही नीट कळला.

मग इमारतीच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या. गरम पाण्यात खळ सुटायची, पण नीळ काही हटेना. सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यात भिजवा, पिळा, वाळवा, पुन्हा भिजवा. लियाकतभाईंचे हात कोपरापर्यंत निळे झाले. नेमका किती पांढरेपणा हवा ते ताडून बघायला मला ते काखेत घेऊन फिरायचे. राजनसाहेबही ऑफिस सुटल्यावर येत, टाय शर्टाच्या खिशात खुपसून पिळायला बसत. का येतात ते कुणी विचारलं नाही. पंधरा तारीख आली. विमान गच्चीवरूनच गेलं. शारजात विमानं तशी सारखीच जातात, पण त्या संध्याकाळी लियाकतभाईंनी पिळा हातात धरून वर बघितलं आणि ते विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

अठरा तारखेला दुपारी ते फोन बूथमध्ये उभे राहिले. मी काखेतच होतो, मला खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. पलीकडे शेजाऱ्यांच्या घरी फोन, भोवती सगळी बायकामंडळी, आणि झुबेदाभाभींनी फोन माहनूरच्या कानाला लावलेला. मौलवींनी म्हटलं. भाभींनी समजावलं की बेटी बोल, अब्बा ऐकतायत. मुलगी म्हणाली, "अब्बा आले की बोलेन."

फोनकार्डावरचे युनिट सरत होते. लियाकतभाई म्हणाले, "बोल बेटा, मी आहे ना इथं." मग लांबून, रडता रडता, अर्धंच 'बिस्मि' ऐकू आलं आणि कार्ड संपलं. पुढचं तिने म्हटलं की नाही ते लियाकतभाईंना त्या दिवशी कळलं नाही. हजार वेळा ज्यांनी तो शब्द माझ्यासमोर उच्चारला, त्यांना तो एकदा पुरता ऐकायला मिळाला नाही. मित्रांनो, मी कापडाचा आहे, मला रडू येत नाही. पण बूथमध्ये ओल्या हातांनी त्यांनी मला जो पिळा घातला, त्याची सुरकुती अजून माझ्या पोटावर आहे.

आता तुम्ही विचाराल की शिकार कशी झाली. झालीच नाही. मार्चमध्ये बकरी ईदेला मजलिशीत कुणीतरी सांगितलं की तिकडे अंगातली हाडं गोठवणारी थंडी असते आणि चिखलात उताणं पडून राहावं लागतं. अरबाब म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ. कोणता शब्द लावून म्हणाला ते तुम्हाला ठाऊक आहे. वीस तारखेला गेलेलं सामान गोदामातच अडकलं होतं, ते परत आलं आणि हमरियातल्या एका कोपऱ्यात, खोक्यांत, एकावर एक पडलं. माझी नऊशे नव्याण्णव भावंडं आणि शिवाय एक, कारण मी मोजणीत नव्हतोच. त्यांना वारा कधी मिळालाच नाही. अजून तिथेच असतील, नाहीतर कसरीने खाल्ली असतील.

लियाकतभाईंना रजा एप्रिलमध्ये मिळाली. विमानतळावर सोडायला राजनसाहेब आले होते. पासपोर्ट हातात देताना त्यांनी खिशातून एक गुंडाळलेला कागद काढला. जानेवारीतल्या त्या पहिल्या फॅक्सचं दुसरं पान. खाली बारीक टायपात स्पष्ट लिहिलं होतं की कापडाला खळ नको, नीळ नको, चमक नको. राजनसाहेबांना वाटलं होतं की या नेहमीच्या अटी-शर्ती असतील, म्हणून त्यांनी ते न वाचताच फाइलला लावलं होतं. अमेरिकेला फोन झाला त्याच रात्री त्यांना ते सापडलं आणि सांगायचा धीर झाला नाही. नोकरीची भीती होती, ते तसं म्हणालेही.

लियाकतभाईंनी कागद पाहिला, घडी करून परत दिला. "पहिल्या पानावर असतं तरी मी नीळ घातलीच असती, साहेब," ते म्हणाले. "हात थांबला नसता. पण त्या दिवशी सांगितलं असतंत, तर पिळताना चूक माझ्या एकट्याची नाही असं वाटलं असतं." मग त्यांनी पुढे होऊन राजनसाहेबांना मिठी मारली. मी पिशवीतून डोकं काढून सगळं बघत होतो.

असा मी या अंगणात आलो. माहनूरने पहिल्या दिवशी बापाकडे लांबूनच बघितलं, मला मात्र लगेच उचललं. हे काय आहे, म्हणून विचारलं. लियाकतभाई म्हणाले की याच्यापायी मी आलो नाही. मुलीने मला नीट निरखलं आणि काठीसकट अंगणात रोवून टाकलं. ती शिक्षा होती की मान, ते मला अजून उलगडलेलं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. लियाकतभाई परत शारजात आहेत, कंदुरे शिवतात. माहनूर आता शाळेत जाते, पाढे म्हणते, आणि दर जुम्म्याला फोन आला की ओटीवर येऊन बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. मागच्या जुम्म्याला बाप पलीकडून म्हणाला असावा की येतो बेटा, या ईदेला, इन्शाल्ला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

मित्रांनो, मी थकलेला, विटका कापडी हंस आहे, मला धुऊन इस्त्री करा असं काही मी मागत नाही. कुणी तुमच्या शब्दावर तिकीट काढून बसलेलं असतं, एवढंच ध्यानात ठेवा. आणि कागदाला दुसरं पान असेल तर उलटून बघत जा. बाकी जे मला सांगायचं होतं, ते त्या आठ वर्षांच्या पोरीने फोनवर सांगून टाकलं.

"अब्बा," ती म्हणाली, "इन्शाल्ला मागून बोला. आधी तारीख बोला."