विहिरीवालीचा बाक

बसा ना. माझा एक पाय किंचित आखूड आहे, पण मी कुणाला पाडत नाही. मी बाक बोलतोय, इतिहास विभागाच्या व्हरांड्यात उमेदीची वर्षं घालवलेला लाकडी बाक.

प्रयोगशाळेतलं जुनं टेबल मोडून सुताराने मला घडवलं. विभागप्रमुख सरांना खोलीत बसायचा भारी कंटाळा, हे माझं भाग्य. तास संपला की ते येऊन माझ्यावर टेकायचे, भोवती पोरं जमायची. चहा गार व्हायचा आणि वाद तापायचा. काय दिवस होते ते!

त्या पोरांत एक मुलगी होती. शहरातल्या बुजवलेल्या विहिरींचा तिला ध्यास. विहीर कुठे होती, पाणी कोण भरायचं, कुणाला भरू देत नसत, हे ती म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडायची. सगळे तिला ‘विहिरीवाली’च म्हणायचे. सर सांगायचे, “सावकाश कर गं. विहिरी कुठे पळून चालल्यात?”

पुढे ती इथेच शिकवू लागली, वर्षावर्षाच्या करारावर. सर निवृत्त झाले. नवे संचालक माझ्यावर कधी बसलेच नाहीत. पेपर किती छापले, प्रवेश किती आणले, एवढंच ते जाता जाता विचारत. मग तिनेही अभ्यासाचे तुकडे करून छापायला सुरुवात केली. तिच्यासारखाच करारावरचा एक सहकारी चिडवायचा, “एका विहिरीतून तीन पेपर उपसलेस की!” ती हसायची, पण पहिल्यासारखी नाही. आईचा फोन आला की म्हणायची, “नोकरी पक्की झाली की येते गं, आई.”

एका उन्हाळ्यात नव्या, महागड्या कोर्ससाठी विद्यार्थी मिळवायचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडलं. ती माझ्यावर बसून पालकांना फोन करत होती. एका वडिलांनी विचारलं, “बाई, तुमच्या धाकट्या बहिणीला घातलं असतं का हो या कोर्सला?”

तिने मांडीवरचं माहितीपत्रक मिटलं. मग म्हणाली, “नसतं घातलं, काका. तुमच्या मुलीलाही साधी पदवीच घेऊ द्या.”

सहकारी हादरला. “अगं, भिंतींनाही कान असतात!”

“असू देत. माझ्याच्याने खोटं बोलवेना.”

भिंतींनी ऐकलं असावं. सुट्टी संपली, पण तिचा करार पुढे गेला नाही. निघायच्या दिवशी सहकारी तिच्याशेजारी खाली मान घालून बसला. “तुझे तास मला दिलेत. नाही म्हणता आलं नाही गं, घरी बाळ आहे.”

“वेडा आहेस का? नीट शिकव पोरांना. आणि खिडकीजवळची ती अबोल मुलगी आहे ना, तिला प्रश्न विचारत जा. तिला सगळं येतं, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.”

ती उठली. जाताना तिने माझ्या फळीवरून हात फिरवला. आता कुठल्याशा कचेरीत काम करते म्हणे. विहिरींचं पुस्तक मात्र राहूनच गेलं.

मला भडक रंग फासून प्रवेशाच्या दालनात आणून ठेवलंय. पाठीवर जाहिरात चिकटवलीय. तरुण शिक्षक येतात, मांडीवर लॅपटॉप उघडतात, शेजारी कोण बसलंय ते न बघताच उठतात. त्यांना तरी काय बोल लावू? त्यांचेही करार वर्षाचेच.

लाकडाचं मागणं ते काय असणार? एकदा तरी शेजारच्याला विचारा, “सध्या कशाचा विचार करतोयस?” आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.