मध्यंतरात राखलेली जागा

"पप्पांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ममा," नोएली म्हणाली, आणि लिओन्टीनच्या हातातला डाव गम्बो रश्श्याच्या पातेल्यात तसाच थांबला.

स्टेडियमबाहेर शनिवारची जत्रा भरली होती. गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, ज्याच्या त्याच्या अंगात कॉलेजचा हिरवा सदरा. लिओन्टीनच्या गाडीतल्या टेपवर मात्र ऑपेरातली एक बाई इटालियनमध्ये मरत होती. बराच वेळ मरत होती, आणि लिओन्टीनच्या मते अजून तिच्यात पुष्कळ जीव होता.

"जन्मभर माझ्या शेजारी बसला तो माणूस. कळत नव्हतं म्हणे!"

"त्यांनीच सांगितलं मला, हॉस्पिटलात. म्हणाले, चेंडू कुणाकडे आहे ते मी तुझ्या ममाच्या तोंडाकडे बघून ओळखतो." नोएलीने आवाज खाली आणला. "आज मोसमातला शेवटचा सामना. पुढच्या वर्षासाठी पप्पांची जागा सोडायची की ठेवायची, ते आजच कळवायचंय. पप्पा गेले, आता कुणासाठी अडवून बसलीयस?"

लिओन्टीनने झाकण आपटलं. पण प्रश्न काही झाकला गेला नाही.

लग्नातच नवराबायकोचा सौदा ठरला होता. पानगळीतले शनिवार अॅल्सिडचे, या मैदानात; हिवाळ्यातले तिचे, न्यू ऑर्लीन्सच्या ऑपेरात. फुटबॉलची पहिली तिकिटं त्यानेच आणली होती. काखेत चेंडू मारून एकमेकांवर आदळणारी ती दांडगी पोरं बघायला ती केवळ नवऱ्यासाठी गेली, आणि वर्षभरात पंचांच्या सात पिढ्या उद्धरू लागली. ऑपेरात मात्र अॅल्सिडचं चित्त नसायचं. नायिका विष पीत असली तरी याची तीन बोटं आपली गुडघ्यावर वरखाली. "कंटाळा आला असेल तर बाहेर जा," ती फिसकारायची. "बरं चाललंय की गं," तो म्हणायचा. बोटं चालूच.

म्हणजे ऑपेरा आवडत नव्हता आणि फुटबॉल कळत नव्हता? मग हा माणूस दोन्हीकडे नुसता सोबत आला? बायकोच्या मागे शेपटासारखा?

आज त्याच्या जागेवर त्याचा धाकटा भाऊ ओवीड बसला होता. पहिला अर्धा खेळ लिओन्टीन एकदाही ओरडली नाही, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वळून विचारलं, "बाई, बरं नाही का? पंचाला चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

"तू पुढे बघ. तुझा नंबर नंतर." मग ती दिराकडे वळली. "ओवीड, खरं सांग. तुझ्या भावाला हा खेळ आवडायचा का?"

"खेळ?" ओवीड म्हणाला आणि मैदानाच्या कोपऱ्याकडे बघू लागला. तिथे कॉलेजचा बँड रांगा लावत होता, मागे ट्यूबावाले, ते भलेमोठे पितळी कर्णे अंगाभोवती घेऊन.

"आले बघा, गटाराचे पाइप अंगाला गुंडाळून!" लिओन्टीन सवयीने म्हणाली.

"पहिल्या सामन्यालाही हेच म्हणाली होतीस, वहिनी. दादा हसला तुझ्याबरोबर. घरी आल्यावर मला म्हणाला, बायको झकास आहे, पण ट्यूबाचं तिच्या कानावर घालू नकोस."

"ट्यूबाचं काय?"

"शाळेत वाजवायचा. जीव होता. या बँडात यायचं होतं त्याला. मग साखर कारखान्यात लागला, आणि ट्यूबा शाळेला परत गेला."

"आणि माझ्यापासून जन्मभर दडवलं?"

"दडवलं कुठं? इथेच बसून ऐकायचा की. मध्यंतर झालं की तूच सॉसेज आणायला पळायचीस."

शिट्टी झाली. सगळं स्टेडियम टपऱ्यांकडे निघालं. लिओन्टीनही पाकीट घेऊन उठली. मध्यंतरात उठणं तिच्या गुडघ्यांनासुद्धा पाठ होतं. अॅल्सिड नेहमी म्हणायचा, "तू जा. मी जागा राखतो."

ती परत बसली.

"आज तू जा," ती ओवीडला म्हणाली. "मोहरीचा सॉस सढळ हाताने घाल."

रिकाम्या जागेवर तिने आपला कोट ठेवला.

बँड मैदानात उतरला. पुढे तुताऱ्या आणि बासऱ्या, अगदी मागे ते अवजड पितळ. ते वाजलं, ते कानाला नाही, बाकाखालून कण्याला कळलं. ऑपेरात रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातून असाच एक आवाज यायचा. ती आपली वर कोण कुणाला सुरा खुपसतंय ते बघण्यात दंग. म्हणजे भांडण बघायला दोन्हीकडे तीच जात होती. गाणं ऐकायला तो.

तिने डोळे बारीक करून मागच्या रांगेकडे पाहिलं. ट्यूबावाल्या पोरीच्या उजव्या हाताची तीन बोटं खटक्यांवर वरखाली होत होती.

ओवीड दोन्ही हातांत सॉसेज घेऊन रांगेच्या टोकाशी आला. "वहिनी, खाली टपरीपाशी नोएली भेटली, विचारतेय, जागेचं काय..."

लिओन्टीनने मान न वळवता तळवा उभा केला. ऑपेरात वाजवणं चालू असताना आत येत नाहीत. दारात थांबतात.

ओवीड पायरीवर थांबला. मोहरीचा सॉस त्याच्या मनगटावरून ओघळत होता. वहिनीचा एक हात शेजारच्या कोटावर होता, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर, जरा चुकत, वरखाली होत होती.