जुडीच्या शेपटीची फीत

हॅना क्विल्टीने पहाटे तबेल्यात आपल्या नेटल तट्टाच्या शेपटीला लाल फीत बांधली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. तोवर चहा निवून गेला. शेवटी फीत कोटाच्या खिशात कोंबत ती स्वतःशीच म्हणाली, "एका सकाळचा तर प्रश्न आहे."

लाल फितीचा अर्थ किलकार गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: हे जनावर लाथ मारतं, मागे येऊ नका. नेटल मारायचं. नेहमी नाही, पण मागून कोणी अंगाशी आलं की त्याचा पाय सुटायचा. तट्टू वसंतात नवंच घेतलेलं, त्यामुळे ही गोष्ट अजून फक्त हॅनाला आणि तिच्या मांडीवरच्या काळ्यानिळ्या डागाला माहीत होती. पण उन्हाळ्यात आई गेली, आणि नाताळानंतर हॅना लिव्हरपूलला बहिणीकडे कायमची निघणार होती. तिथे दोन खोल्यांत माणसांचीच दाटी, तट्टू कुठे बांधणार? आज डॉक्टर प्रेंडरगास्ट आपल्या दहा वर्षांच्या ऊनासाठी त्याला पाहायला येणार होते. ते नको म्हणाले तर नेटल जत्रेतल्या दलालाच्या हाती जाणार, आणि दलाल म्हातारी-तरणी जनावरं कुठे नेतो हे कोणी विचारत नसे. हॅनाचा त्या तट्टावर जीव होता. म्हणून तिने दहा वर्षांच्या पोरीचा विचारच केला नाही. माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

हॅना नेटलवर बसून पोचली तेव्हा चौकात धुक्यात कोल्ह्याच्या शिकारीसाठी घोडेस्वार जमले होते. शेजारचा फिंटन लूबी आपल्या जुडी घोडीवर बसून हातातला पाव खात होता. सत्तरीचा हा चांभार. हॅनाला लहानपणी खोगिरावर पहिल्यांदा त्यानेच बसवलं होतं. बावीस वर्षांच्या जुडीच्या शेपटीला आज कडक इस्त्री केलेली लाल फीत होती.

"हे काय, फिंटन? म्हातारीला आता पाय उचलायला तरी जमतं का?"

"नटलीय गं. या वयात नवरा शोधतेय." तो खोखो हसला. "तुझं हे पोरगं मात्र नुसतं पेटलंय. आवर त्याला, नाहीतर आधी तुला पाडेल आणि मग कोल्ह्याला खाईल!"

शिकारी कुत्रे सांभाळणाऱ्या मॅटीने शिंग फुंकलं आणि पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांतून कोल्हा सुटला. मग नेटल कशाला ऐकतंय! मातीचा बांध, पलीकडचा चर, पुन्हा बांध. सगळं एका दमात. खुरांखालून चिखल उडत होता, ब्लॅकबेरीचे काटे हॅनाच्या बाहीला ओरबाडत होते. शिकारीचे प्रमुख असलेल्या मेजरच्या पुढे कोणी जायचं नसतं, पण तट्टाने मेजरलाही मागे टाकलं. रस्त्यावर मोटारीबाहेर ऊनासोबत उभ्या डॉक्टरांनी टोपी हलवली. हॅना सगळं विसरली. त्या पाव तासात ती सुखी होती.

पुढे अरुंद फाटकात सगळे तुंबले. घोड्याला घोडा घासत होता, पायांमधून कुत्रे पुढे सरकत होते. नेटलला खेटून जुडी उभी होती. अचानक खोगिराखाली हॅनाला झटका जाणवला आणि मागे एक कुत्री जीव तोडून किंचाळली.

ती डिंपल होती, मॅटीची सगळ्यांत लाडकी. मॅटीने उडी टाकून तिला उचललं. तिचा मागचा पाय लोंबत होता.

"कुणी मारलं?" मॅटीचा आवाज फाटला.

सगळ्यांच्या नजरा जुडीच्या लाल फितीवर गेल्या.

"लूबी," मेजर म्हणाले, "फीत बांधली की मागे राहायचं असतं, फाटकात घुसायचं नसतं. घरी जा."

फिंटनने टोपी काढली. "चूक झाली, मेजरसाहेब." मग मॅटीला हळूच म्हणाला, "सोमवारी तुमची गाडी पाठव. कुत्र्याला मारणारं जनावर मी ठेवणार नाही."

ती गाडी कुत्र्यांच्या कोंडवाड्यात जायची आणि तिथल्या मोठ्या हंड्यात कुत्र्यांसाठी कसलं मांस शिजायचं हे हॅनाला ठाऊक होतं. खिशातल्या फितीवर तिची मूठ घट्ट झाली. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन म्हणत राहिलं, आणि तोवर फिंटन जुडीला चालवत निघूनही गेला. तिला स्वतःची किळस आली.

शिकारीवरून सगळ्यांचं मन उडालं. हॅना चौकात परतली तेव्हा फिंटन चौकाच्याच वळणावर थांबून जुडीला दम घेऊ देत होता. तिने नजर चुकवली. डॉक्टर हात चोळत पुढे आले.

"काय उड्या मारतं गं! पण स्वभावानं कसं? पोरीला द्यायचंय."

"गरीब आहे हो अगदी," हॅना म्हणाली.

डॉक्टरांनी जत्रेतल्यासारखा तळहात पुढे केला. त्यावर टाळी पडली की व्यवहार पक्का. हॅनाने हात उचलला, आणि तिला ऊना दिसली. पोरगी करड्या शेपटीवरून हात फिरवायला नेटलच्या मागे निघाली होती.

"मागे जाऊ नकोस! लाथ मारेल!"

ऊना दचकून बाजूला झाली.

"आत्ता तर गरीब म्हणालीस," डॉक्टर म्हणाले.

हॅनाने खिशातून फीत काढली. ती घामाने ओली झाली होती. "खोटं बोलले. डिंपलला यानेच मारलं. फिंटन, जुडीने नाही."

तिला वाटलं, म्हातारा आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"बावीस वर्षांत हिनं माशीवरसुद्धा पाय उगारला नाही," तो जुडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला. "हिचा डावा डोळा गेलाय. गर्दीत कोणी धडकू नये म्हणून फीत बांधली होती. आणि मेजर एक शब्द बोलले, तर मी क्षणभर थांबलोसुद्धा नाही. लगेच गाडी बोलावली." तो जुडीच्या शेपटीची गाठ सोडू लागला.

"मला माफ करा, फिंटन."

"मॅटीची माफी माग. मेजरची माग. माझ्याकडे नंतर ये." गाठ सुटेना. "मला आधी हिची मागायचीय."

डॉक्टरांनी पोरीला मोटारीत बसवून दार लावलं. हॅनाने बाजूला उभं राहून नेटलच्या शेपटीला फीत बांधली, दुहेरी गाठ मारली. गल्लीतून मॅटी डिंपलला छातीशी धरून पायी येत होता. लगाम हातात घेऊन ती त्याच्या दिशेने चालू लागली.